बाळंतविड्यातल्या हाताने केलेल्या वस्तू : ही रीत पुढे कशी चालवावी?

सांजवात

आमचे मूळ घर वाई तालुक्यातले. आता मंडळी पुणे, ठाणे आणि थोडी परदेशी पांगलेली आहेत. या घरात बाळंतविडा विकत आणण्याची पद्धत नव्हती. चांदीचे वाळे आणि वाटी-चमचा एवढेच काय ते सोनाराकडून येई. बाकी सारे घरच्या हातचे. दोन्हीकडच्या आज्यांच्या सुती लुगड्यांची गोधडी, आत्याने शिवलेली खणाची कुंची, काकूने विणलेली टोपडी-मोजे आणि पहिल्या संक्रांतीला मावशीने केलेले हलव्याचे दागिने, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली होती. ती कोणी कधी लिहून ठेवली नाही, आणि ती मोडल्याचेही कोणाच्या आठवणीत नाही.

आता पुतण्याच्या घरी दिवाळीच्या सुमारास पाळणा हलणार आहे. ज्या थोरल्या वहिनींनी हा सारा व्याप इतकी वर्षे सांभाळला, त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडली असली तरी बारीक टाका घालायला बसणे त्यांना आता झेपत नाही. धाकट्या जावा नोकरी करणाऱ्या आहेत आणि त्यांनी स्पष्टच सांगितले आहे की सगळा संच ऑनलाइन चांगला मिळतो, तो मागवावा आणि बाळाच्या नावाने काही रक्कम ठेवावी. यात त्यांचे काही चुकते आहे असे मला वाटत नाही. तरीही कपाटात घडी करून ठेवलेली सासूबाईंची दोन लुगडी दिसली की वाटते, या कापडाचे आता दुसरे काय करायचे?

माझा प्रश्न भावनेपुरता नाही, थोडा व्यवहाराचाही आहे. घरातल्या घरात हाताने केलेल्या वस्तू देण्याची रीत ज्यांनी टिकवली, त्यांनी ती नेमकी कशी टिकवली? कोण शिकवते, कोण शिकते, कापड कुठून आणता, आणि ज्या सुनेला हे नको असते तिचे काय करता? कृपया "आमच्या आजीची फार आठवण आली" एवढ्यावरच थांबू नये ही विनंती. ती मलाही येते.

कृष्णाकाठ

सांजवातताई, विषय चांगला काढलात. आमच्याकडे सांगली भागात गोधडीला वाकळ म्हणतात आणि मी आजही दर उन्हाळ्यात एक तरी वाकळ घालते, म्हणून कापडापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते ही रीत मोडायला आळस किंवा नोकरी यापेक्षा कापड अधिक कारणीभूत आहे.

वाकळ ही मुळात धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती जुनेराची. नायलॉन, टेरिलीन आणि पुढे पॉलिएस्टरच्या साड्या घरोघरी आल्या तेव्हा बायकांना हायसे वाटले, कारण त्या पिळून झटकल्या की वाळतात आणि इस्त्री मागत नाहीत. पण त्या साडीला जुनेरपण येतच नाही. ती वीस वर्षांनीही तितकीच निसरडी राहते, पाणी शोषत नाही, आणि तिचे चार थर एकावर एक घातले की ते सुईखालून सरकतात. बाळाच्या अंगाखाली असे कापड घामाने चिकटते. म्हणजे आजी गेली तशी गोधडी गेली असे आपण म्हणतो, परंतु आजी असतानाच तिच्या कपाटातून सुती लुगडी निघून गेलेली होती.

तुमच्याकडे दोन लुगडी आहेत, म्हणजे तुम्ही श्रीमंत आहात. हिशेब सांगते. नऊवारीची लांबी साधारण 27 फूट आणि पन्हा चार फुटांच्या आसपास असतो. तीन फुटांचे तुकडे केले तर एका लुगड्यातून तीन बाय चारचे नऊ तुकडे निघतात. परंतु सगळे कामाचे नसतात. काष्ट्याचा भाग बसून-उठून विरलेला असतो. तो उजेडासमोर धरला की कापडाची जाळी झालेली दिसते. पदर आणि निऱ्यांकडचा भाग बहुधा शाबूत असतो. असे धरून चालले तरी एका लुगड्यातून पाच-सहा चांगले तुकडे मिळतात आणि बाळाच्या वाकळेला चार ते पाच थर पुरतात. विरलेले तुकडे टाकून द्यायचे नाहीत, ते मधल्या थरात जातात. वर आणि खाली मात्र धडके कापड हवे.

घालण्याची रीत अशी. जमीन आधी पुसून कोरडी करावी, खालचा थर ताणून पसरावा आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे; आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता, जे हाताला लागेल ते येते. त्यावर एकेक थर घालताना मधून कडेकडे हात फिरवून सुरकुती काढावी. सगळे थर बसले की लांब लांब कच्चा टाका घालून ते जागेवर धरून ठेवावेत. हा टाका नंतर उसवायचा असतो, त्यामुळे वेगळ्या रंगाचा दोरा घेतलेला बरा. मग कडा आत दुमडून बाहेरून शिवायला सुरुवात करावी आणि चौकोनात चौकोन असे फिरत आत यावे. कोणी कोणी सरळ ओळी घालतात, तेही चालते. धावदोरा साधाच असतो, सगळी कला तो सारख्या अंतरावर पडण्यात असते. दोरा सुती आणि दोनपदरी घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण जुने कापड त्याच्यापुढे टिकत नाही, काही धुण्यांनंतर दोरा शाबूत राहतो आणि कापडच टाक्यापाशी चिरते.

आणि हे काम एकटीने करायचे नसते. आमच्या घरी दोघीतिघी वाकळेच्या वेगवेगळ्या बाजूंना बसत. नवी मुलगी बसली की तिला मधली ओळ देत, कारण तिथला वाकडा टाका फारसा दिसत नाही. शिकवण्याची पद्धत म्हणाल तर एवढीच.

ओवी

दोन्ही प्रतिसाद वाचले आणि आवडलेही, पण एक विरोधी सूर लावणे आवश्यक वाटते.

घरी केलेली भेट म्हणजे प्रेमाची आणि विकतची म्हणजे कोरडी, हे गृहीत धरून आपण बोलतो आहोत. सांजवात यांनी दिलेली कामाची यादी पुन्हा वाचावी: आजी, आत्या, काकू, मावशी. काका आणि मामा यांच्या वाट्याला काय होते? जी वस्तू "घरच्या घरी" झाली असे म्हणतात, ती कोणाच्या तरी दुपारच्या झोपेतून, डोळ्यांतून आणि पाठीतून झालेली असते, आणि तिला पैसे पडले नाहीत म्हणून ती फुकट समजली जाते. माझ्या आईने सासरच्या सगळ्या नातवंडांची टोपडी विणली. तिला विणकाम आवडत होते का, हे तिला कोणी विचारलेले मला आठवत नाही. तिला विणता येते एवढे पुरेसे होते.

दुसरे, अशा भेटींचा हिशेब फार कडक ठेवला जातो. अमक्या जावेने थोरलीच्या मुलाला भरतकामाचे दुपटे दिले आणि धाकटीच्या मुलीला साधेच दिले, याची चर्चा आमच्या घरी मुलगी दहावीला गेली तरी चालू होती. विकतच्या वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते; हाताच्या वस्तूची किंमत मात्र जन्मभर लावत बसता येते.

रुखवताचे तर सोडाच. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, कापसाचे पक्षी, सजवलेले नारळ, संसारोपयोगी म्हणून मांडलेले आणि संसारात कधीही न वापरलेले असे किती तरी. मुलीकडच्या बायकांनी महिनोन्महिने खपायचे, वरपक्षाने लग्नाच्या दिवशी टेबलाभोवती एक फेरी मारायची, आणि मग ते सगळे खोक्यात बसून माळ्यावर जायचे. ही रीत बंद पडली तर मला तरी वाईट वाटणार नाही.

सांजवात

ओवी, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. वहिनींना मी कालच फोनवर विचारले की तुम्हाला हे करायला आवडत होते का. त्या म्हणाल्या, "गोधडी आवडायची, कुंची नाही. कुंचीच्या चुण्या बसवताना रडू यायचं." इतक्या वर्षांत हे कोणाला ठाऊक नव्हते.

तरी रुखवत आणि बाळंतविडा यांना एका पारड्यात घालू नये असे वाटते. रुखवत दुसऱ्या घराला दाखवण्यासाठी होते, त्यात मुलीच्या हातच्या कौशल्याची परीक्षा होती. बाळंतविड्यातली वस्तू मळते, ओली होते, दिवसातून दोनदा धुतली जाते आणि दीड-दोन वर्षांत फाटते. आमच्याकडची एकही गोधडी पहिल्या बाळाची म्हणून जपून ठेवलेली नाही. सगळ्या वापरून संपल्या, आणि त्यांच्या उरल्यासुरल्या चिंध्या पुढच्या गोधडीच्या पोटात गेल्या. हिशेबाचे तुम्ही म्हणता ते मात्र खरे आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हिमवर्षाव

मी मिनेसोटात राहते आणि घेणाऱ्या सुनेच्या बाजूने लिहिते आहे.

माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी दोन गोधड्या, तीन कुंच्या आणि बंद लावलेली टोपडी अशी बॅग भरून आणली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आम्हाला बाळाच्या झोपेविषयीची माहिती समजावून दिली होती. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर निजवावे आणि क्रिबमध्ये सैल पांघरूण, उशी, गोधडी, मऊ खेळणी यांपैकी काहीही ठेवू नये, कारण झोपेत नाकातोंडावर कापड येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणजे ज्या वस्तूसाठी सासूबाईंनी सहा महिने डोळे शिणवले, ती बाळाच्या झोपण्याच्या जागी ठेवायचीच नाही. टोपड्याच्या गळ्याशी बांधायच्या बंदांबद्दलही हीच अडचण आली.

हे सांगणे मला फार जड गेले. नवऱ्याने सांगावे असा माझा आग्रह होता आणि त्याने सांगितले, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. सासूबाई पहिले दोन दिवस गप्प होत्या. मग त्यांनीच विचारले की बाळ जागे असताना काय घालता. तेव्हापासून ती गोधडी जमिनीवर अंथरलेली असते. पोटावर पालथे घालून मान धरायला शिकवणे, पुढे रांगणे, बसणे, आणि मांडीवर घेऊन दूध पाजणे, हे सगळे तिच्यावर झाले. उबेसाठी आम्ही झोपताना अंगात घालायची पिशवी वापरतो. कुंच्यांपैकी एक बारशाच्या फोटोपुरती अंगात गेली.

माझे म्हणणे एवढेच, की परदेशी पाठवायची असेल तर करण्याआधी विचारावे. विचारले म्हणजे भेटीची गंमत जाते असे जुन्या लोकांना वाटते. पण न विचारता केलेली वस्तू नाकारण्याची पाळी समोरच्यावर येते तेव्हा दोघांचीही कुचंबणा होते. सासूबाईंनी दुसऱ्या बाळाच्या वेळी विचारले, आणि आम्ही त्यांच्याकडून चौकोनी सुती लंगोट आणि खांद्यावर टाकायची दुपटी मागून घेतली. ती अक्षरशः फाटेपर्यंत वापरली.

नर्मदेपलीकडे

ओवी यांनी काका-मामांविषयी विचारले आहे, म्हणून एका काकाने उत्तर द्यावे.

आम्ही इंदूरचे. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत आणि संक्रांतीचा हलवा आमच्या घरी पुरुष करतात. हे कसे सुरू झाले ते कोणी सांगू शकत नाही, पण आजोबा करत होते, वडील करत होते आणि आता मी करतो. घरात नवी सून आली किंवा बाळ झाले की पहिल्या संक्रांतीच्या दागिन्यांचा हलवा आमच्याकडून जातो आणि दागिने आत्या-काकू गुंफतात.

हलवा दुकानात तयार मिळतो, म्हणून त्यामागची मेहनत लोकांना ठाऊक नसते. मध्यम आकाराची, बुडाला जाड अशी परात घ्यायची आणि राखेने झाकलेल्या मंद निखाऱ्यांवर ठेवायची. गॅसवर करायचे तर खाली जाड तवा हवा. आत तीळ, खसखस, साबुदाणा किंवा मगजबी (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया), ज्याचा दाणा हवा ते टाकायचे. दागिन्यांसाठी साबुदाणा आणि मगजबी सोयीची, कारण दाणा जरा मोठा मिळतो आणि आकार सारखा येतो. साखरेत निम्मे पाणी घालून पाक करायचा, चमचाभर दुधाने मळी काढायची आणि लिंबाचे काही थेंब पिळायचे. पाक एकतारीच्या अलीकडेच ठेवायचा. तो घट्ट झाला तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकळे होतात किंवा साखर सुटून भुकटी पडते.

मग खरे काम सुरू होते. चमचाभर पाक दाण्यांवर सोडायचा आणि बोटांच्या अग्रांनी हलके हलके फिरवत राहायचे, तो सुकला की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी दाण्यावर नुसता पांढरा लेप चढतो आणि नवख्या माणसाला वाटते की काही होत नाही. काटा येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोही हवा कोरडी आणि थंड असेल तरच. ढग आले की काटा दबतो, म्हणून आमच्याकडे पहाटे चारला परात शेगडीवर चढते. मुंबईच्या दमट हवेत हे का साधत नाही ते यावरून कळेल. हात जोरात फिरवला तर आलेला काटा मोडतो, हळू फिरवला तर दाणे जुळतात. संध्याकाळपर्यंत बोटांची टोके लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी गरम चहाचा कप धरवत नाही. वडील शेवटच्या वर्षी खुर्चीवर बसून नुसता आवाज ऐकत असत. परातीत दाणे कोरडे वाजू लागले की म्हणत, "आता टाक."

दागिन्यांचे कौशल्य वेगळे. दोनपदरी दोऱ्यात एकेक दाणा पकडून गाठ मारायची आणि मध्ये जर घालायची, ही जुनी पद्धत. आता पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवतात. ते लवकर होते आणि चंद्रकळेवर उठूनही दिसते, पण एकदा वाकले की दाणे गळतात. सुनेसाठी मंगळसूत्र, तन्मणी, वाक्या, बांगड्या, जावयासाठी हार, नारळ आणि गुच्छ, बाळासाठी मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा आणि बासरी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात. काळे झबले घालून बाळाला पाटावर बसवायचे आणि बोरे, उसाचे कर्वे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून ओतायचे. एक सूचना: बाळाचे दागिने फोटो झाला की लगेच उतरवावेत. दाणा तोंडात गेला तर घशात अडकू शकतो, आणि आजकाल आत टाचण्याही असतात.

आणखी एक. आजोबांनी प्रत्येक नातवंडासाठी पांगुळगाडा केला होता. सागवानाचा, तीन चाकांचा, दांडीला गुळगुळीत पॉलिश केलेला. गोधडी जशी एकाची, तसा तो नव्हता, तो फिरता होता. ज्याच्या घरी बाळ चालायला लागेल त्याच्याकडे जायचा आणि परत यायचा.

ओवी

नर्मदेपलीकडे, तुमच्या घरची रीत वाचून माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा यासाठी की परातीचे काम पुरुषांनी करावे आणि त्याची गोष्ट व्हावी, आणि गाठी मारणाऱ्या आत्या-काकूंच्या बोटांची गोष्ट एका ओळीत संपावी. (हे गमतीने घ्यावे. थोडेच.)

हुगळीकाठ

बदलीच्या नोकरीमुळे देशात बऱ्याच ठिकाणी राहणे झाले, म्हणून थोडी भर घालतो. बंगालमधला कांथा आपल्या गोधडीचा सख्खा भाऊ शोभेल. जुन्या सुती साड्यांचे थर, वर धावदोरा, आणि पूर्वी तर दोराही साडीच्या काठातूनच ओढून काढत. नव्या बाळासाठी तो घरातल्या बायकांनी घालायचा ही रीत तिथेही आहे, आणि बिहारमधली सुजनीही अशीच जुन्या कपड्यांतून बाळासाठी होई. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजातल्या बाया गोधडी कोपऱ्यापासून सुरू करून फिरत फिरत मध्यावर आणतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुले लावतात. पंजाबात फुलकारी या भरतकामाचा चोप नावाचा प्रकार आहे, तो आजोळच्या आजीने नातीच्या लग्नासाठी भरायचा. त्याचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

हे सांगण्याचे कारण असे की कांथा, सुजनी आणि फुलकारी आता बाजारातही भरपूर आहेत. बायकांना त्यातून उत्पन्न मिळते ही चांगलीच गोष्ट झाली. पण बाजारासाठी भरलेला नमुना दुकानदाराच्या मागणीप्रमाणे येतो, आणि घरासाठी भरलेल्या कापडावर भरणारीच्या मनात येईल ते उतरते. जुन्या कांथ्यांवर पालख्या, मासे, हत्ती आणि कमळे एकाच कापडावर सुखाने नांदताना दिसतात.

पाटावरवंटा

विकत की घरचे, असे दोनच पर्याय का मानायचे? माझ्या लहानपणी नगर भागात गोधड्या शिवणाऱ्या बाया दारावर येत. कापड घरचे, दोरा घरचा, मजुरी त्यांची. त्या ओसरीवर बसून दोन-तीन दिवसांत गोधडी पुरी करत आणि आजी त्यांच्याशेजारी बसून मधूनमधून दोन ओळी घालायची. त्या गोधडीला कोणी विकतची म्हटले नाही. तेव्हा सांजवात यांनी घरची लुगडी एखाद्या जाणकार बाईकडून रीतसर मजुरी देऊन शिवून घ्यावीत, हे मला परंपरेच्या बाहेरचे वाटत नाही. ओवी यांचा श्रमाच्या मोबदल्याचा मुद्दाही त्यात बसतो.

कृष्णाकाठ

हे पटले. फक्त शिवायला देताना थर स्वतः लावून आणि कच्चा टाका घालून द्यावेत. नाही तर आतमध्ये गादीचा कापूस किंवा स्पंज भरून येतो. दिसायला गुबगुबीत दिसते, पण ती धुतली की दोन दिवस वाळत नाही आणि आत वास धरते. मशीनवर शिवलेली टिकते चांगली, परंतु मशीनचा टाका घट्ट असल्याने वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ होते. तान्ह्या बाळासाठी हातटाकाच बरा.

सांजवात

सर्वांचे आभार. आज आम्हा जावांचे फोनवर बोलणे झाले आणि पुढीलप्रमाणे ठरले आहे.

सुनेला आधी विचारले. तिने गोधडी हवी असे आपणहून सांगितले, टोपडी-मोजे नकोत म्हणाली (ठाण्याच्या हवेत लोकर घालणार कधी, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे) आणि कुंची एकच, तीही बारशापुरती हवी आहे. कुंची आम्ही विकत घेणार आहोत. वहिनींनी हे ऐकून टाळ्या वाजवल्या. गोधडीसाठी माझ्या सासूबाईंचे एक लुगडे आणि सुनेच्या आजीचे एक, असे दोन्हीकडचे कापड मिळाले आहे. दसऱ्याच्या सुट्टीत सगळे वाईला जमतील तेव्हा थर लावायचे आणि कडेच्या ओळी घालायच्या. वहिनी शिवणार नाहीत, पण थर लावताना त्या समोर बसतील. पुतण्याने, म्हणजे होणाऱ्या बाळाच्या बापाने, मधल्या ओळी आपण घालतो असे सांगितले आहे. तो बोलतो त्यातले निम्मे करतो, म्हणून उरलेल्या ओळींसाठी गावातल्या एका शिवणाऱ्या बाईंशी बोलून ठेवले आहे.

हलव्याच्या दागिन्यांचा विचार संक्रांत जवळ आली की करू. नर्मदेपलीकडे यांनी सांगितलेली लाल बोटे वाचून सध्या कोणी पुढे आलेले नाही.

कृष्णाकाठ यांना दोन शंका विचारायच्या आहेत. सुनेच्या आजीचे लुगडे इरकल आहे आणि त्याचा पदर गडद लाल आहे. तो रंग सुटेल का? आणि काठ ठेवावेत की काढावेत?

कृष्णाकाठ

इरकलचा पदर बहुधा रेशमी असतो आणि लाल रंगाचा भरवसा धरू नये. लुगडे जुने असल्याने बराच रंग निघून गेला असेल, तरी पदराचा एक कोपरा कोमट पाण्यात भिजवून त्याला पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून रात्रभर ठेवावे. सकाळी पांढऱ्यावर डाग दिसला तर पदर वेगळा काढावा. बाळ तो तोंडात घालणारच. डाग नसला तरी पदर खालच्या बाजूला घ्यावा आणि बाळाच्या अंगाकडची बाजू सासूबाईंच्या सुती लुगड्याची ठेवावी.

काठ सुती असतील तर जरूर ठेवावेत. चारी बाजूंनी काठच बाहेर येईल असे तुकडे लावले तर कड वेगळी दुमडावी लागत नाही आणि कड लवकर विरतही नाही. जरीचे असतील तर काढून टाकावेत, कारण जरीची तार तुटली की टोचते. कवड्या, मणी, आरसे यांपैकी काहीही लावू नये, कोणी कितीही हौसेने आणून दिले तरी.

शिवण्याआधी दोन्ही लुगडी एकदा गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत. एकाच वेळी आणि एकाच पाण्यातून काढलेली बरी. म्हणजे आटायचे ते आधीच आटेल आणि नंतर एक थर आटून दुसरा फुगणार नाही. दसऱ्यापर्यंत परतीचा पाऊस असतो, वाईला ऊन मिळेलच असे नाही, तेव्हा हे काम ऑगस्टमधली एखादी उघडीप साधून पुण्यातच उरकून घ्या. आणि पुतण्याला सांगा की दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नकोस. नवखा माणूस पुन्हा पुन्हा सुई ओवायला कंटाळून लांबलचक दोरा घेतो आणि मग गुंता सोडवण्यातच त्याची दुपार जाते.